सगळी कर्जं फेडायला आठ लाखांचं एकच कर्ज घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात भाड्याचं घर, तुम्ही दोघं आणि शाळेत जाणारा मुलगा. तुमचा हातात पडणारा पगार ५६,०००, पत्नी डबे देतात त्यातून सामानाचा खर्च वजा जाता ९,०००. एकूण ६५,०००. देणी अशी: एका क्रेडिट कार्डावर १,२०,०००, दुसऱ्यावर ४५,०००, बँकेचं वैयक्तिक कर्ज ३,८०,००० शिल्लक (१५ टक्के, हप्ता ११,५००), मोबाइल ॲपवरून घेतलेलं कर्ज ४०,००० (७,४०० चे सहा हप्ते बाकी), पतसंस्थेचं ९०,००० (१४ टक्के, हप्ता ४,२००, ऑफिसमधले दोन सहकारी जामीनदार) आणि मामांचे हातउसने ६०,०००. सगळं मिळून ७,३५,०००. एका फायनान्स कंपनीनं आठ लाख द्यायची तयारी दाखवली आहे, आणि दुसरीकडून एक ‘सेटलमेंट’वाला फोन करतोय की हप्ते थांबवा, निम्म्यात मिटवून देतो. यातलं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते तुम्ही चुकीच्या आकड्याकडे बघताय. ७,३५,००० हा आकडा मोठा वाटतो, पण ६५,००० च्या घराला तो आवाक्याबाहेरचा नाही. अडचण महिन्याच्या हिशोबात आहे. भाडं १३,००० आणि घरखर्च २४,००० म्हणजे ३७,०००. कार्डांचे मिनिमम ड्यू (दरमहा निदान भरावीच लागणारी रक्कम) ६,००० आणि २,२५०, बाकीचे तीन हप्ते मिळून २३,१००, म्हणजे कर्जापोटी ३१,३५०. बेरीज ६८,३५०. दर महिन्याला ३,३५० कमी पडतात आणि ते कुठून येतात हे तुम्ही लिहिलं नसलं तरी उघड आहे: किराणा आणि पेट्रोल कार्डावर.

त्यात तुम्ही वर्षातून एकदाच येणारे खर्च धरलेले दिसत नाहीत. शाळेची फी, गाडीचा विमा, दिवाळी, गावी जाणं, घरातलं एखादं लग्नकार्य. जवळजवळ प्रत्येक घराच्या पहिल्या हिशोबात हे सुटतं. मी यासाठी वर्षाला ३६,००० धरतो, म्हणजे महिन्याला ३,०००. तुमचा आकडा वेगळा असेल तर बदलून घ्या. आता खरी तूट ६,३५० झाली. ही भरून निघेपर्यंत कुठलीही कर्जफेडीची योजना टिकत नाही, कारण एका हातानं फेडलेलं दुसऱ्या हातानं परत उचललं जातं. याची टोपी त्याच्या डोक्यावर, एवढंच चालू राहतं.

कार्डांचं गणित जवळून बघू, कारण सगळं तिथेच अडलंय. तुमच्या स्टेटमेंटवर महिना ३.६ टक्के व्याज लिहिलंय. १,२०,००० वर महिन्याचं व्याज ४,३२०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७७८. एकूण ५,०९८. तुम्ही ६,००० भरता, त्यातले ९०२ मुद्दलात जातात. दुसऱ्या कार्डावर ४५,००० चं व्याज आणि जीएसटी मिळून १,९१२, तुम्ही भरता २,२५०, मुद्दल कमी होतं ३३८ नं. थोडक्यात, दोन्ही कार्डांवर महिन्याला ८,२५० भरून देणं फक्त १,२४० नं उतरतं. त्याच महिन्यात तूट भरायला तुम्ही ६,३५० चं कार्ड वापरलंत की देणं पाच हजारांहून जास्त वाढतं. वर्षाच्या हिशोबानं जीएसटी धरून हा दर ५१ टक्क्यांच्या आसपास जातो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या साखरेवर आजपासूनच व्याज.

मिनिमम ड्यू वेळेवर भरल्यानं लेट फी टळते आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, थकबाकी लागत नाही. तेवढाच त्याचा उपयोग. कर्ज फेडण्याशी त्याचा संबंध जवळपास नाही.

आता आठ लाखांच्या कर्जाकडे येऊ. १६ टक्के दरानं पाच वर्षांसाठी हप्ता साधारण १९,४५० येतो. आजच्या ३१,३५० च्या तुलनेत जवळजवळ १२,००० हातात मोकळे होतात, म्हणून हा मार्ग आकर्षक वाटतो आणि तसं वाटणं चूक नाही. पण आत काय होतं ते बघा. तुमचं १५ टक्क्यांचं कर्ज मोडून तुम्ही १६ टक्क्यांचं घेताय. पतसंस्थेचं १४ टक्क्यांचं मोडून १६ चं घेताय. मामांचं बिनव्याजी मोडून त्यावरही १६ टक्के भरताय. जुनं वैयक्तिक कर्ज मुदतीआधी बंद केल्याबद्दल ४ टक्के फोरक्लोजर चार्ज अधिक जीएसटी धरला तर जवळपास १८,००० जातात. नव्या कर्जाची २ टक्के प्रोसेसिंग फी जीएसटीसह १८,८८०. म्हणजे एक रुपयाही फेडायच्या आधी ३७,००० च्या आसपास खर्च. (१ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, व्यक्तीनं व्यवसायाबाहेरच्या कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार लावता येत नाही. पण वैयक्तिक कर्जं बहुतेक वेळा स्थिर दराची असतात, त्यामुळे तुमच्या मंजुरीपत्रात काय लिहिलंय तेच लागू.) पाच वर्षांत एकूण परतफेड ११,६७,००० च्या पुढे जाते. शिवाय गरज ७,३५,००० ची आणि कर्ज आठ लाखांचं. वरचे ६५,००० कशासाठी? ते उरत नाहीत, खर्च होतात.

सगळ्यात मोठा धोका मात्र फीचा नाही. दोन्ही कार्डं त्या दिवशी रिकामी होतात आणि लिमिट परत पूर्ण उपलब्ध होतं. तूट का पडत होती हे तपासलेलं नसेल तर दीड-दोन वर्षांनी आठ लाखांचा हप्ताही चालू असतो आणि कार्डंही पुन्हा भरलेली असतात. एकत्रीकरणाचं कर्ज फसतं ते याच जागी.

म्हणून माझा सल्ला: सगळं एकत्र करू नका. जे महाग आहे तेवढंच स्वस्तात बदलून घ्या. १४ आणि १५ टक्क्यांची कर्जं तशीच चालू द्या, मामांचं तूर्त राहू द्या. बदलायचं आहे ते कार्डांचं १,६५,००० आणि ॲपचं ४०,०००, मिळून २,०५,०००.

ते कशानं बदलायचं हे तुमच्याकडे काय आहे त्यावर अवलंबून. आवर्ती ठेव किंवा मुदत ठेव असेल तर आधी ती मोडा. सात टक्के मिळवण्यासाठी एक्कावन्न टक्के भरण्यात अर्थ नाही. आयुर्विम्याची जुनी पारंपरिक पॉलिसी असेल तर तिच्या सरेंडर व्हॅल्यूवर (आज मोडली तर मिळणाऱ्या रकमेवर) कर्ज मिळतं आणि ते कार्डाच्या मानानं खूप स्वस्त असतं. पीएफला मात्र शेवटपर्यंत हात लावू नका. आणि तुम्ही लिहिलंय की घरात पत्नीचे दागिने आहेत. माझ्या दृष्टीनं तुमच्या बाबतीत सोनेतारण हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. पण ते त्यांचं स्त्रीधन आहे. पूर्ण हिशोब, म्हणजे वरचे सगळे आकडे, त्यांच्यासमोर मांडून त्यांनी हो म्हटलं तरच. अर्धवट सांगून घेतलेल्या दागिन्यांवर उभी केलेली योजना पहिल्या अडचणीत मोडते, कारण घरखर्चाची शिस्त दोघांनी मिळून पाळायची असते.

सोनेतारणात बघायच्या गोष्टी अशा. बँकांचा दर साधारण ९ ते १० टक्क्यांच्या आसपास असतो, मी १० धरतो. ‘दरमहा व्याज भरा, मुद्दलात केव्हाही कितीही भरा’ अशी सोय असलेलं कर्ज मागा. वर्षाच्या शेवटी व्याजासकट एकरकमी भरायची योजना घेऊ नका. बारा महिने काहीच भरलं जात नाही आणि मग नूतनीकरणाच्या वेळी धावपळ होते. काही फायनान्स कंपन्यांच्या योजनेत जाहिरातीतला कमी दर फक्त व्याज वेळेवर भरणाऱ्यालाच मिळतो, एक महिना चुकला की दर चढतो. तो चढलेला दर किती, हे कागदावर वाचा. कर्जाच्या रकमेनुसार सोन्याच्या किमतीच्या ७५ ते ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, पण तुम्ही निम्म्याच्या आसपास थांबा. भाव उतरला तर जादा सोनं किंवा पैसे मागितले जातात, आणि त्या वेळी तुमच्याकडे दोन्ही नसतील. दागिन्यांचं वजन, कॅरेट आणि खड्यांची वजावट लिहिलेली पावती घ्या आणि दागिन्यांचे फोटो स्वतःकडे ठेवा.

आता नवं गणित मांडतो. घरखर्च, भाडं आणि वार्षिक खर्चाचा वाटा मिळून ४०,०००. वैयक्तिक कर्ज ११,५००, पतसंस्था ४,२००. उत्पन्न ६५,००० मधून हे गेल्यावर ९,३०० उरतात. सोनेतारणाचं पहिल्या महिन्याचं व्याज सुमारे १,७१०. पहिले दोन महिने फक्त हे व्याज भरा आणि बाकीचे साडेसात हजार बाजूला टाका, १५,००० जमतील. हे दवाखाना, गाडीची दुरुस्ती अशा अचानक खर्चासाठी. कर्ज असताना पैसे बाजूला कशाला, असं वाटेल. पण हे नसले की पहिल्याच तापाला कार्ड बाहेर निघतं.

तिसऱ्या महिन्यापासून सोनेतारणात दरमहा ९,२०० भरायचे, व्याजासकट. असं केलं की ते साधारण पंचवीस महिन्यांत फिटतं, म्हणजे सुरुवातीपासून सत्तावीस. पतसंस्थेचं कर्जही आजच्या हप्त्यानं पंचवीस महिन्यांत संपतंय. त्यानंतर ९,२०० आणि ४,२०० मिळून १३,४०० मोकळे होतात. त्यातून मामांचे ६०,००० साडेचार महिन्यांत. मग उरलेलं वैयक्तिक कर्ज, जे तोवर १,१५,००० ते १,२०,००० च्या दरम्यान आलेलं असेल, त्यावर हप्ता आणि हे पैसे मिळून पाच महिने. सगळं मिळून तीन वर्षांच्या थोडं पुढे. शेवटच्या टप्प्यात फोरक्लोजर चार्ज किती लागतो ते विचारून मगच ठरवा. व्याजाची बचत त्याहून कमी असेल तर नेहमीचे हप्ते चालू ठेवणंच बरं. बोनस किंवा पगारवाढ आली तर निम्मी रक्कम सोनेतारणात टाका. पूर्ण रक्कम टाकायचा आग्रह मी धरत नाही, तीन वर्षं घरातल्यांनी तंगीतच काढायची ठरवलं तर ते सहसा निभत नाही.

सर्वात लहान कर्ज आधी की सर्वात महाग आधी, हा वाद तुम्ही इंटरनेटवर वाचला असेल. मी व्याजाच्या क्रमानं जातो. लहान कर्ज आधी फेडल्यानं उमेद येते हे खरं, पण इथे तुमचं ॲपचं कर्ज लहानही आहे आणि महागही, त्यामुळे प्रश्नच उरत नाही. शिवाय ते बंद झालं की ७,४०० चा हप्ता सुटतो. दोन ठिकाणी मात्र मी व्याजाचा क्रम मोडतो: जिथे कोणी जामीन आहे आणि जिथे काही तारण आहे. ही दोन्ही एक दिवसही थकू द्यायची नाहीत, मग दर काहीही असो.

पतसंस्थेबद्दल हे नीट समजून घ्या. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्थेला दिवाणी दावा न करता निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि मग वसुली अधिकारी तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांच्या मागेही लागू शकतो. पगारातून कपातीचं संमतिपत्र तुम्ही दिलं असेल तर कलम ४९ प्रमाणे मालकाला ती कपात करून द्यावी लागते. कार्डाचा हप्ता चुकला तर त्रास तुम्हाला होतो. पतसंस्थेचा चुकला तर ज्यांनी तुमच्या शब्दावर सही केली त्यांना होतो.

दागिने ठेवायचे नसतील, तर दुसरा मार्ग जरा खडतर आहे. कार्डाची बाकी त्याच कार्ड कंपनीकडून हप्त्यांत बदलून घ्या. दर १८ टक्के धरला तर १,६५,००० चा छत्तीस महिन्यांचा हप्ता ५,९६५ येतो, व्याजावरचा जीएसटी धरून सुरुवातीला ६,४०० च्या आसपास. आज ८,२५० भरून काही हलत नाही, इथे त्याहून कमी भरून तीन वर्षांत संपतं. पण ॲपचे सहा हप्ते चालू असेपर्यंत महिन्याला साधारण ४,५०० कमी पडतील, सहा महिन्यांत २७,०००. तेवढे आधी उभे करावे लागतील: वापरात नसलेली दुसरी गाडी, मोडलेली ठेव, दिवाळीचा बोनस किंवा डब्यांची संख्या वाढवणं. ती तजवीज न करता हा मार्ग धरलात तर तिसऱ्या महिन्यात पुन्हा कार्ड. हप्त्यांत बदल करताना प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी बंद केल्यास काय लागतं, हे विचारा. आणि एक हप्ता चुकला तर बदल रद्द होऊन मूळ दर परत लागतो का, हेही.

कार्डांचं काय करायचं? लहान लिमिटचं कार्ड बाकी शून्य झाल्याच्या दिवशी बंद करायला सांगा, लेखी. बाकी नसेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाहीतर पुढे दर दिवसाला ५०० रुपये बँकेला तुम्हाला भरपाई म्हणून द्यावे लागतात. जुनं कार्ड ठेवायचं असेल तर त्याचं लिमिट पंधरा हजारांवर आणा आणि ॲपमधून ऑनलाइन व्यवहार बंद करून ठेवा. शॉपिंगच्या साइटवर आणि फोनमध्ये साठवलेला नंबरही काढा. बहुतेक खर्च त्या साठवलेल्या नंबरवरूनच होतो.

हप्त्यांच्या तारखा हा कंटाळवाणा विषय आहे, पण पैसे वाया जातात ते इथेच. पगार १ तारखेला आणि एखादा हप्ता २८ ला असेल तर तो कधीतरी बाउन्स होणारच. एका बाउन्सला कर्ज देणारा चार-पाचशे आणि तुमची बँक तेवढेच, दोन्हीवर जीएसटी. शक्य त्या सगळ्या तारखा ३ ते ७ च्या दरम्यान आणून घ्या. हप्त्यांसाठी वेगळं बचत खातं ठेवा आणि पगार झाला की त्याच दिवशी सगळ्या हप्त्यांची रक्कम तिकडे टाका. घरखर्चाचे पैसे पहिल्या खात्यात राहतील आणि तिथे जेवढे दिसतात तेवढेच तुमचे. दंडाबद्दल एक नियम लक्षात ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. कर्जखात्याचा उतारा मागवून हे तपासा.

सेटलमेंटवाल्याला मात्र स्पष्ट नकार द्या. तो सांगतोय त्याचा अर्थ असा: तुम्ही हप्ते थांबवायचे, नव्वद दिवसांनंतर खातं अनुत्पादित (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) होईल, मग बँक तडजोडीला तयार होईल, आणि या काळात तुम्ही त्याला फी द्यायची. त्या तीन महिन्यांत व्याज आणि दंड चढत राहतात, वसुलीचे फोन सुरू होतात, नोटिसा येतात, आणि बँक तडजोड करेलच असा कुठलाही हक्क तुम्हाला किंवा त्याला नसतो. तडजोड झालीच तर सिबिलच्या अहवालात खातं ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, पूर्ण फेडलेलं म्हणून नाही. तीच बँक निदान बारा महिने तुम्हाला नवं कर्ज देणार नाही आणि इतरही हात आखडतात. ज्याची नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, उत्पन्न परत येण्याची शक्यता नाही, त्याच्यासाठी तडजोड हा योग्य मार्ग आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तीही स्वतः बँकेशी बोलून करायची. रक्कम आणि तारीख बँकेच्या लेटरहेडवर लेखी घ्यायची, पैसे फक्त कर्जखात्यात भरायचे, कोणा प्रतिनिधीच्या यूपीआयवर कधीच नाही. तुमचं उत्पन्न चालू आहे. तुम्हाला त्याची गरज नाही.

मधेच नोकरीत काही झालं तर हप्ता चुकायच्या आधी बँकेला ईमेल करा. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा, उत्पन्न घटल्याचा पुरावा जोडा. एकदा थकल्यावर बोलण्यापेक्षा खातं नियमित असताना बोललेलं जास्त ऐकलं जातं. पगाराचं खातं आणि थकलेलं कर्ज एकाच बँकेत असेल तर बँक त्या खात्यातून रक्कम वळती करू शकते किंवा अडवून ठेवू शकते, हेही ध्यानात ठेवा.

वसुलीच्या फोनबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की ॲपवाले मेव्हण्याला फोन करू अशी धमकी देतात. वसुली प्रतिनिधीनं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाईक आणि मित्रांना त्रास देऊन बदनामी करायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे फोनमधले नंबर आणि फोटो वापरायची मुभाच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी आजच काढा, संभाषणं रेकॉर्ड करा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. ॲपच्या मागे कुठली बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था आहे हे करारात शोधा आणि तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मागे कुठलीच संस्था सापडत नसेल तर तो सायबर गुन्ह्याचा विषय आहे, १९३० वर फोन करा. नुसतं कर्ज थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. मात्र दिलेला चेक किंवा बँकेतून आपोआप जाणारा हप्ता पुरेशी शिल्लक नसल्यानं परत गेला आणि नोटिशीनंतरही भरला नाही तर खटला होऊ शकतो, म्हणून सहीचे कोरे चेक कोणाला दिले असतील तर त्यांची यादी करा.

यादीवरून आठवलं. पहिल्या यादीत काहीतरी राहतंच. उचललेली भिशी हे कर्जच आहे, उरलेले सगळे हप्ते धरा. कोणाला जामीन राहिला असाल तर तेही लिहा. ‘नंतर पैसे द्या’वाल्या खात्याची बाकी, वाण्याची उधारी, आणि संकोचानं कोणालाच न सांगितलेला सावकार. सावकार असेल तर त्याचा परवाना बघा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना लागतो, आणि बिगरशेती कर्जाला सरकारनं ठरवलेला दर तारण असेल तर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्के आहे. महिना पाच टक्के घेणारा बेकायदा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. असं देणं असेल तर योजनेचा क्रम बदलतो, सोनेतारणातून आधी तेच फेडायचं.

प्रत्येक कर्ज संपलं की दोन कागद: बाकी नसल्याचा दाखला आणि खातं बंद झाल्याचा उतारा. महिनाभरानं सिबिलचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. खातं तिथे अजून चालू दिसत असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. पतसंस्थेचं संपल्यावर जामीनदारांनाही त्या दाखल्याची प्रत द्या.

या आठवड्यात करायचं एवढंच: तीन महिन्यांचे बँकेचे आणि कार्डांचे उतारे काढून पत्नीसोबत बसा, आणि ॲपवाल्यांकडून आजच्या तारखेला पूर्ण बंद करायची रक्कम लेखी मागवा. तो आकडा ४०,००० च्या बराच वर आला तर ॲपचं कर्ज सोनेतारणात न घेता सहा हप्त्यांतच संपवणं स्वस्त पडेल का, हे पुन्हा मांडावं लागेल. तो आकडा, वार्षिक खर्चाची खरी बेरीज आणि वैयक्तिक कर्जाच्या मंजुरीपत्रातलं फोरक्लोजरचं कलम, एवढं इथेच लिहा. महिन्यागणिक तक्ता मी बसवून देतो.